जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी : निमोण्याच्या एका वर्कशॉपातील अनुभव

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या दुकानात आज बहुधा एक संगणक असतोच. तो एका कोपऱ्यात असतो, त्याच्यावर धुळीचा थर असतो, की-बोर्डवरची निम्मी अक्षरे पुसून गेलेली असतात आणि मालकाचे लक्ष त्याच्याकडे जाते ते फक्त तो बंद पडला त्या दिवशी. लेथला आपण वेळच्या वेळी तेल देतो, शिलाई मशीनची सुई बदलतो, टेम्पोचे टायर झिजले की या महिन्यात दोन आणि पुढच्या महिन्यात दोन असे घेतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपल्याला दोनच गोष्टी ठाऊक. चालतो तोवर चालवायचा आणि बंद पडला की नवा आणायचा. नवा आणायला त्या दिवशी हाताशी रक्कम नसते. मग हप्ते, आणि हप्त्यांबरोबर व्याज.

या दोहोंखेरीज तिसरी वाट आहे. संगणक हे सुट्या भागांचे यंत्र आहे. त्याचा एकेक भाग, हिशेबाने आणि ठरवलेल्या क्रमाने, स्वतःच्या कमाईतून बदलता येतो. शिरूर तालुक्यातील निमोणे येथे आमचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. तेथील एका जुन्या संगणकावर आम्ही २०२३ ते २०२५ या दोन वर्षांत जे केले, त्यात ज्या चुका झाल्या आणि जे बरोबर ठरले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

उधारीचे अकरा आठवडे

आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शेड, गेट, खिडक्या-ग्रील अशी कामे होतात. उसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वीचे दोन महिने ट्रॉल्यांच्या दुरुस्तीची झुंबड उडते. त्यातले बरेच काम उधारीवर असते, कारण शेतकऱ्याच्या हाती पैसा ऊस गेल्यावर येतो. सबब आमच्या धंद्यात सर्वांत मोलाची वस्तू कोणती असेल, तर ती उधारीची नोंद. ही नोंद २०१४ च्या दिवाळीत जोडून घेतलेल्या एका संगणकात होती. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, आधी विंडोज ७ आणि पुढे विंडोज १०, त्यावर टॅली.

२०२३ च्या पावसाळ्यापासून तो चालू व्हायला सात-आठ मिनिटे घेऊ लागला. अधूनमधून आतून टकटक आवाज येई. कामाच्या घाईत आम्ही ऐकले न ऐकल्यासारखे केले. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी पडद्यावर काळ्या पटावर एकच पांढरी ओळ उमटली : डिस्क सापडत नाही. संगणक पोत्यात गुंडाळून आम्ही शिरूरला नेला. दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडले आणि आत बोट फिरवून आम्हांला दाखवले. बोट काळे झाले होते, आणि ती नुसती धूळ नव्हती, ग्राइंडरचा लोखंडी कीस होता.

"चाचा, हा डबा आता भंगारात टाका," तो म्हणाला. "नवा घ्या, हप्ते करून देतो."

"डेटा?"

"बॅकअप असेल ना?"

बॅकअप होता. दर आठवड्याला आम्ही टॅलीचा डेटा 'सी' मधून 'डी' मध्ये उतरवून ठेवत असू. पण 'सी' आणि 'डी' ही एकाच डिस्कची दोन नावे आहेत, हे त्या दिवशी उमजले. तिजोरीची नक्कल किल्ली त्याच तिजोरीत ठेवावी, तसा हा प्रकार. बाहेरची एकच प्रत उरली होती, ती कर सल्लागाराकडे पेनड्राइव्हवर दिलेली, अकरा आठवड्यांपूर्वीची. म्हणजे ऐन हंगामाची सगळी उधारी गेली.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघे भाऊ चलन पुस्तकांतील कार्बनच्या प्रती पुढे घेऊन बसलो. ज्यांची चलने सापडली नाहीत त्यांच्या घरी जाऊन विचारले. काहींनी आठवत नाही म्हटले. काहींनी आमच्या अंदाजापेक्षा जास्त आकडा स्वतःहून सांगितला, तेही नमूद केले पाहिजे. अब्बांनी आयुष्यभर हिशेब वहीत लिहिला. ते एवढेच म्हणाले, "लोकांचा हिशेब आपल्याकडे अमानत असतो. मी वही कधी भिजू दिली नाही. तुम्ही वही लोखंडाच्या किसात ठेवलीत."

हा केवळ घरचा मामला नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपून ठेवावी लागतात. नोटीस आली तर डिस्क जळाली हे उत्तर पुरत नाही.

नवा संगणक आम्ही त्या दिवशी घेतला नाही. दुरुस्तीवाल्याचा हेतू वाईट होता असे आमचे म्हणणे नाही. पण आमच्या कामात ट्रॉलीचा ॲक्सल तुटला तर आम्ही गिऱ्हाइकाला नवी ट्रॉली घ्यायला सांगत नाही. आधी चेसीस बघतो, हौदा बघतो, काय टिकेल आणि काय बदलायचे हे ठरवतो. तोच न्याय आम्ही संगणकाला लावायचे ठरवले.

पहिला टप्पा : वीज आणि धूळ

नवी डिस्क बसवण्याआधी जुनी का मेली असेल, याचा विचार केला. आर्क वेल्डिंगचा मशीन काडी टेकताच एकदम मोठा करंट ओढतो आणि त्याच लाईनवरचा दाब क्षणभर खाली येतो. दुकानातला बल्ब मिणमिणतो तो याचमुळे. संगणकाला तोच धक्का दिवसातून शेकडो वेळा बसत होता. २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देण्याचे काम एसएमपीएस नावाचा पत्र्याचा डबा करतो. त्यातले कपॅसिटर उष्णतेने आणि वयाने कमजोर होतात. मग संगणक मध्येच बंद होतो आणि दोष मात्र विंडोजला दिला जातो.

आम्ही तीन गोष्टी केल्या. मीटरच्या बोर्डापासून संगणकासाठी स्वतंत्र लाईन ओढली आणि ज्या फेजवर वेल्डिंगचा भार नाही त्या फेजवर ती घेतली. अर्थिंग तपासून घेतली. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग तुटलेली आहे असे समजावे. तिसरे म्हणजे नवा, चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घेतला आणि जुन्या यूपीएसची बॅटरी बदलली. लहान यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. यूपीएस 'खराब झाला' म्हणून टाकून देणाऱ्यांनी आधी तिच्याकडे बघावे.

धुळीचा उपाय फुकटात झाला. संगणक ग्राइंडरच्या बाजूने हलवून पलीकडच्या खोलीत, जमिनीपासून दोन फूट उंच ठेवला. लोखंडी कीस वीजवाहक असतो, तो मदरबोर्डवर साचला तर शॉर्ट होऊ शकतो. तीन महिन्यांनी एकदा प्लग काढून ब्लोअरने साफसफाई करतो. त्या वेळी आतला पंखा बोटाने धरून ठेवावा, हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरू देऊ नये. ज्यांच्या दुकानात कापसाचा किंवा भुशाचा कण उडतो, त्या शिलाई, गादी आणि फर्निचरच्या कारागिरांनाही हे लागू आहे. तो कण पंख्याच्या जाळीत गच्च बसतो आणि प्रोसेसर तापतो.

याच वेळी मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला. त्याचा नंबर सीआर२०३२. तो संपला की संगणकाचे घड्याळ मागे जाते. तारीख चुकली की जीएसटीचे किंवा बँकेचे संकेतस्थळ 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही, आणि आपण इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो.

दुसरा टप्पा : बॅकअप

याला पैसा जवळजवळ लागत नाही, सवय लागते. आम्ही दोन पेनड्राइव्ह ठेवले. दर शुक्रवारी जुम्म्यासाठी दुकान बंद करण्यापूर्वी टॅलीचा बॅकअप एका पेनड्राइव्हवर घेतो, पुढच्या शुक्रवारी दुसऱ्यावर. एक दुकानात राहतो, दुसरा घरी. आग, चोरी किंवा पाणी यांपैकी काहीही दुकानात घडले तरी घरची प्रत राहते. बॅकअप घेतल्यावर पेनड्राइव्ह काढून ठेवावा. तो तसाच लावून ठेवला आणि संगणकात व्हायरस शिरला, तर दोन्ही प्रती एकदम जातात.

महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावा. कधी उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवणे म्हणजे न मोजता गल्ल्याचा आकडा सांगणे.

तिसरा टप्पा : हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी

एक कबुली देतो. डिस्क जाण्याच्या वर्षभर आधी संगणक मंद झाला म्हणून आम्ही एकाच्या सल्ल्याने ४ जीबी रॅम आणखी टाकून ती ८ जीबी केली होती. फरक फारसा पडला नाही. अडचण दुसरीकडेच होती.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या असतात. सर्वसाधारण डेस्कटॉपमधील डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि एक सुई तबकडीवर जागा शोधत हिंडते. विंडोज चालू होताना हजारो लहान लहान फायली वाचायच्या असतात, आणि दर वेळी सुई इकडून तिकडे जाते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही. सगळे चिपमध्ये. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, जुनी डिस्क शंभर-दीडशे. खरा फरक मात्र त्या लहान फायलींत पडतो. तेथे सुईला शोधत हिंडावे लागत नाही.

आम्ही २४० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घेतली. २०२३ मध्ये ती दीड-दोन हजारांत मिळत असे. सात-आठ मिनिटे घेणारा नऊ वर्षांचा संगणक अर्ध्या मिनिटात चालू होऊ लागला. आमच्या सगळ्या खर्चात याएवढा मोबदला दुसऱ्या कशानेही दिला नाही. एम.२ नावाची पट्टीसारखी एसएसडी मिळते, ती अधिक वेगवान असते. पण जुन्या मदरबोर्डवर तिची खाच बहुधा नसते, म्हणून घेण्यापूर्वी तपासावे. अडीच इंची साटा जुन्या संगणकातही चालते आणि पुढे नव्यातही.

ज्यांची हार्ड डिस्क अजून जिवंत आहे त्यांनी तिचा आवाज ऐकावा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची प्रकृती दाखवते. त्यात निळ्या रंगाऐवजी पिवळा किंवा लाल दिसला तर त्याच दिवशी डेटा बाहेर काढावा. नवीन एसएसडी बसवल्यावरही जुनी डिस्क लगेच पुसू नये. महिनाभर बाजूला ठेवावी.

टॅली वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. टॅलीचा परवाना त्या संगणकाशी जोडलेला असतो. डिस्क बदलण्यापूर्वी किंवा विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी तो 'सरेंडर' करावा आणि नंतर पुन्हा चालू करावा, म्हणजे फोनाफोनी वाचते. लग्नपत्रिका व फलकांचे काम करणाऱ्या आमच्या मुद्रक बांधवांनी तर अधिक जपावे. उर्दूसाठी इनपेज आणि मराठीसाठी श्रीलिपी यांच्या जुन्या आवृत्त्यांत केलेल्या फायली त्या त्या सॉफ्टवेअरशिवाय नीट उघडत नाहीत. त्यांची मूळ सीडी, परवाना आणि फॉन्ट हाताशी आहेत की नाही ते आधी पाहावे आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा.

कोणता पैसा पुढे जातो, कोणता बुडतो

येथे आम्ही या लेखातील मुख्य मुद्द्यावर येतो. जुन्या संगणकासाठी कोणतीही वस्तू घेताना एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू पुढच्या संगणकात जाईल काय?

एसएसडी जाते. यूपीएस जातो. चांगला एसएमपीएस जातो. मॉनिटर, की-बोर्ड, माउस, प्रिंटर जातात. जोडलेल्या संगणकाचे कॅबिनेटही जाते, कारण त्याची मापे ठरलेली आहेत. मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत मात्र पुष्कळदा एसएमपीएस आणि बोर्ड त्यांच्या स्वतःच्या मापाचे असतात. ते घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जुनी रॅम जात नाही. डीडीआर३ ची पट्टी डीडीआर४ च्या खाचेत बसत नाही, डीडीआर४ ची डीडीआर५ मध्ये बसत नाही. प्रत्येकीची खूण वेगळ्या जागी कापलेली असते. म्हणून जुन्या संगणकात रॅम वाढवायचीच असेल तर ४ ची ८ जीबी करावी, तीही वापरलेली आणि तपासलेली पट्टी स्वस्तात मिळाली तर. १६ जीबी नवी डीडीआर३ घेणे म्हणजे पुढच्या वर्षी मोडणाऱ्या ट्रॉलीला नवा रंग देणे.

जुन्या बोर्डासाठी त्याच पिढीचा वरचा प्रोसेसर घ्या, आय३ काढून आय७ टाका, असेही सांगणारे भेटतात. बिल, टॅली आणि विवरणपत्रांच्या कामाला त्याचा उपयोग नाही, आणि तो पैसाही पुढे जात नाही.

मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम ही तिन्ही एकत्र बदलायची असतात. बाजारात याला 'सेट' म्हणतात. हा शेवटचा आणि सर्वांत महाग टप्पा. त्याला हात घालण्यापूर्वी बाकीचे सगळे टप्पे झालेले असावेत. मग 'नवा संगणक' घ्यावा लागत नाही, फक्त सेट घ्यावा लागतो.

विंडोज १० ची मुदत

सेट बदलायचा की नाही, हा निर्णय आमच्यासाठी मायक्रोसॉफ्टने सोपा केला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवसानंतर विंडोज १० बंद पडली नाही, संगणक चालूच राहिले. पण सुरक्षेची दुरुस्ती आपोआप मिळणे थांबले. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत नाव नोंदवून सुरक्षेच्या दुरुस्त्या घेण्याची वाढीव सोय जाहीर करण्यात आली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमचा चौथ्या पिढीचा संगणक त्यात बसत नव्हता. काही कारागीर आडवाटेने जुन्या संगणकावरही विंडोज ११ टाकून देतात. मायक्रोसॉफ्ट त्याची हमी घेत नाही, आणि ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार होतो त्यावर आम्हांला ते पटले नाही.

२०२३ च्या त्या घटनेनंतर आम्ही दर महिन्याला एक हजार रुपये वेगळ्या डब्यात टाकत होतो. हप्ताच तो, पण स्वतःलाच दिलेला. हप्त्यावर माल देणारे पुष्कळदा 'बिनव्याजी' म्हणतात. त्यात रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते, आणि एक हप्ता चुकला की दंड. ते सगळे कागदावर मांडून पाहावे म्हणजे व्याज कोठे लपले आहे ते दिसते. आमचा डबा भरायला जवळजवळ दोन वर्षे लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही रोखीने बाराव्या पिढीचा आय३, त्याला जुळणारा बोर्ड आणि ८ जीबी डीडीआर४ रॅम असा सेट घेतला. कॅबिनेट तेच, एसएमपीएस तोच, एसएसडी तीच, मॉनिटर तोच.

या टप्प्यात तीन गोष्टी आम्हांला आधी ठाऊक नव्हत्या. पहिली, संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना बहुधा जुन्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. नव्या बोर्डासाठी नवा घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धरावा. दुसरी, आमच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रुंद केबल लावायला नव्या बोर्डावर जागा नव्हती, त्यासाठी यूएसबीची वेगळी केबल आणावी लागली. मॉनिटर जुना असेल तर बोर्डाला व्हीजीएची जोडणी आहे का, हेही बघावे. तिसरी, एसएसडी तीच असली तरी विंडोज ११ कोऱ्या पाटीवर नव्याने टाकावी लागली. दोन पेनड्राइव्ह होते, म्हणून त्या दिवशी छातीत धडधड झाली नाही.

ज्यांना उशीर झाला त्यांनी काय करावे?

आम्ही सप्टेंबरमध्ये घेतले यात शहाणपण कमी आणि नशीब अधिक. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले आणि एसएसडीही महागली. जगातील बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांकडून त्यांना प्रचंड मागणी आली आणि माल तिकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकाला माल विकण्याचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. निमोण्याच्या दुकानदाराला रॅमची पट्टी महाग पडण्याचे कारण असे दूरदेशीच्या गोदामात असते. म्हणून येथे आम्ही आजचे भाव छापत नाही. दोन-तीन दुकानांत विचारून त्याच दिवसाचा भाव घ्यावा.

ज्यांचा सेट बदलायचा राहिला आहे त्यांनी घाबरून कर्ज काढू नये. वीज, धूळ आणि बॅकअप या पहिल्या दोन टप्प्यांना रॅमच्या भावाशी देणेघेणे नाही. ते आजच करावेत. विंडोज १० वर काम चालू ठेवायचे तर बँकेचे व्यवहार त्या संगणकावरून काढून घ्यावेत आणि हिशेबाचा संगणक शक्य तितका इंटरनेटपासून दूर ठेवावा. आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे, कचेऱ्यांतून निघालेले वापरलेले संगणक बाजारात असतात. ते घेताना चालू करून पाहावेत, प्रोसेसरची पिढी स्वतः वाचावी, वॉरंटी लेखी घ्यावी. ज्यांचे काम पत्रे, कोटेशन आणि इंटरनेट एवढेच आहे त्यांना लिनक्सचाही मार्ग आहे. उबुंटू आणि लिनक्स मिंट फुकट मिळतात, आणि सी-डॅक या आपल्या पुण्याच्या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स बनवली आहे. टॅली मात्र विंडोजसाठी आहे, हे ध्यानात घेऊनच तो मार्ग धरावा.

भाग कोठूनही घ्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्यातून किंवा शिरूरमधून, पण पक्के बिल घ्यावे. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपला जीएसटी क्रमांक बिलावर घातला तर धंद्यासाठी घेतलेल्या मालावरील तो कर नियमाप्रमाणे वळता करून घेता येतो. बिलाशिवाय मिळालेली शे-दोनशेची सूट त्यापुढे काहीच नाही, आणि वॉरंटीही बुडते.

जुन्याचे काय केले?

आमचा जुना बोर्ड भंगारात गेला नाही. कोणीतरी टाकून दिलेल्या कॅबिनेटमध्ये तो बसवला, लिनक्स मिंट घातली, आणि आता घरची मुले त्यावर टायपिंग शिकतात. आठ जीबीची ती फुकट गेलेली रॅम अखेर कामी आली. मेलेली हार्ड डिस्क मात्र आम्ही विकली नाही. बंद पडलेल्या डिस्कवरूनही जाणकार माणूस माहिती काढू शकतो, आणि तीत दुसऱ्यांचे हिशेब आहेत. वर्कशॉपात ड्रिल होताच, तबकडीला आरपार चार भोके पाडून मग ती टाकली. भंगाराच्या धंद्यातील बांधवांनाही येथे विनंती आहे की तांब्यासाठी तारा आणि बोर्ड जाळू नयेत. तो धूर आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. अशा मालासाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू झाले आहेत आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणारे तो विकत घेतात.

क्रम थोडक्यात असा. आधी वीज, अर्थिंग आणि धूळ. त्याच आठवड्यात दोन पेनड्राइव्ह. मग एसएसडी. रॅम लागलीच तर थोडी. सगळ्यांत शेवटी सेट, आणि तोही डबा भरल्यावर. दोन टप्प्यांमध्ये सहा महिने गेले तरी बिघडत नाही. क्रम मात्र उलटा करू नये.

अब्बा अजूनही त्यांची लाल कापडाची वही ठेवतात. मोठ्या उधारीची नोंद संध्याकाळी त्यातही होते. पूर्वी आम्ही त्यांना हसत असू. आता बिल झाले की आम्हीच विचारतो, "अब्बा, वहीत लिहिलेत ना?"